मुलांना कारखान्यात ट्रेनिंगला पाठवण्याआधी प्रथमोपचार कोण शिकवणार? (बडोदा)

विश्वामित्रीकाठ | ४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका डिप्लोमा कॉलेजात शिकवते. गेली सहा वर्षं मुलांना कारखान्यात ट्रेनिंगला लावून द्यायचं काम माझ्याकडे आहे. मकरपुरा, नंदेसरी, सावली, वाघोडिया, हालोल. दर उन्हाळ्यात चाळीस-पन्नास मुलं जातात. कंपन्यांना पत्रं, गेटपास, पालकांची संमती, हजेरी, शेवटी रिपोर्टच्या फायली, हे सगळं मी नीट करत आले. जे केलं नाही, त्याबद्दल लिहायला बसले आहे.

मागच्या मे महिन्यात आमच्या केमिकलच्या एका मुलाच्या हातावर कॉस्टिक सोड्याचं द्रावण सांडलं. वय १९. पंपाच्या ग्लँडमधून गळत होतं आणि तो वाकून बघत होता. हातमोजा मनगटापर्यंतच होता, त्यामुळे सगळं शर्टाच्या बाहीत मुरलं. नंतर मला म्हणाला, "मॅडम, दुखलंच नाही हो. साबणासारखं बुळबुळीत लागलं, म्हणून पँटला पुसून टाकलं." आठ-दहा मिनिटांनी चुरचुरायला लागलं. बरोबरच्या मुलाने सॅकमधली टूथपेस्ट काढून लावली. मग दुसरा म्हणाला की हा बेस आहे, याच्यावर ॲसिड पाहिजे, आणि धावत जाऊन कँटीनमधून लिंबू आणलं. ही माझीच मुलं. न्यूट्रलायझेशन त्यांना मीच शिकवलं होतं. ओली बाही शेवटपर्यंत अंगावर तशीच होती. पाऊण तासाने कुणीतरी मोठा माणूस आला, मग गाडी, मग दवाखाना. मनगटावर मांडीची कातडी काढून लावावी लागली. हात वाचला, बोटं चालतात, पण मूठ पूर्ण वळत नाही.

मी नंतर तिथे गेले होते. तो उभा होता तिथपासून पाण्याच्या नळापर्यंत चालत गेले. पंधरा पावलं.

कंपनीचं नाव लिहिणार नाही, कुणी विचारूही नये. त्यांचं काय चुकलं ते त्यांना सांगून झालं आहे. माझा प्रश्न माझ्या बाजूचा आहे. यंदाची तुकडी १८ मेपासून निघते. प्राचार्यांनी परीक्षेनंतरचा एक अख्खा दिवस दिला आहे. त्या एका दिवसात मुलांना नेमकं काय शिकवू? कोणाकडून शिकवू? आणि कंपनीला पत्र पाठवताना काय काय मागून घेऊ? इथे कारखान्यातली, दवाखान्यातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

---

नंदेसरी_३१वर्षं | ४ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, मी सेफ्टीमध्ये ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. तुमचं वाचून झोप येईना, म्हणून आत्ताच लिहितो.

पहिली गोष्ट, अल्कली. ॲसिड पडलं की माणूस ओरडतो, म्हणून लगेच पाण्याकडे पळतो. कॉस्टिक गप्प बसून आत उतरतं. ते चरबी आणि कातडी विरघळवत जातं, तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीचा साबण होत असतो. हे वाक्य मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायचो. बुळबुळीत लागलं की पळायचं, दुखायची वाट बघायची नाही. कपडा आधी उतरवायचा, पाणी चालू असतानाच उतरवायचा, लाज धरायची नाही. मुलींसाठी शॉवरजवळ पडदा आणि एक चादर ठेवायला कंपनीला सांगा, कारण लाजेपोटी ओला कुर्ता अंगावर ठेवलेला मी पाहिला आहे. पाणी किमान वीस मिनिटं, कॉस्टिकला त्याहून जास्त. वीस मिनिटं म्हणजे घड्याळातली. आपल्या मनातली वीस मिनिटं दोन मिनिटांत संपतात.

लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, काही नाही. ॲसिड-बेस एकत्र आले की उष्णता सुटते, म्हणजे भाजलेल्यावर पुन्हा भाजणं. आणि कोरडी पावडर असेल, चुना असेल, तर आधी झटकायची, मग पाणी.

आय-वॉशबद्दल, म्हणजे डोळे धुवायच्या नळाबद्दल, एक खास बडोद्याची गोष्ट. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, घरी आपण सगळेच अनुभवतो. तीच टाकी आणि तोच उघडा पाइप आय-वॉशला जोडलेला असतो. डोळ्यात ॲसिड गेलेला माणूस त्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळे उघडे ठेवूच शकत नाही. पाणी साधारण १६ ते ३८ अंशांत असावं असा दंडक आहे. तेव्हा पत्रात विचारा की आय-वॉशची लाइन सावलीत आहे का, आणि आठवड्यातून एकदा चालवून बघता का. न चालवलेल्या आय-वॉशमधून पहिलं पाणी गंजाचं येतं.

सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचं सुरक्षा-माहितीपत्रक, वाचायला शिकवा. तिचे १६ भाग असतात, चौथा भाग प्रथमोपचाराचा. मुलाने सगळी शीट वाचली नाही तरी चालेल. ज्या ड्रमजवळ उभं राहायचं, त्याचा चौथा भाग आदल्या दिवशी वाचून जायचं.

---

नंदेसरी_३१वर्षं | ४ एप्रिल, रात्री ११:३२

एक राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. खड्डा, टाकी, गटार, ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायची) टाकी. आत कुणी पडलेला दिसला तर मुलाने आत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. गेलेली असते ती नाकाची शक्ती. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. तुमची मुलं चांगल्या घरची आहेत, मित्र पडला की उडी मारतील. त्यांना सांगा की बाहेर उभं राहून बोंब मारणं हाच तिथला प्रथमोपचार आहे. श्वासाचा सेट लावलेला माणूस उतरेल, तू नाही.

---

हालोल_अपडाउन | ५ एप्रिल, सकाळी ७:०५

मी स्वतः अप्रेंटिस आहे, मेकॅनिकल, गेल्या वर्षी डिप्लोमा झाला. विश्वामित्रीकाठ मॅडम, खरं सांगतो, आम्हाला पहिल्या दिवशी एका खोलीत बसवून सेफ्टीचा व्हिडिओ दाखवला, इंग्रजीत, ४० मिनिटं. मग रजिस्टरवर सही. फर्स्ट एड बॉक्स कुठे आहे ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही बोट कापलं तेव्हा. किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर जेवायला गेलेला. उघडल्यावर आत तीन स्क्रू ड्रायव्हर, कुणाची तरी तंबाखूची डबी आणि पिवळी पडलेली पट्टी.

अजून एक. आमच्या खात्यात हेल्पर ओडिशाचे, यूपीचे, सुपरवायझर गुजराती, मी घरी मराठी बोलणारा. घाबरल्यावर तोंडातून आईची भाषा येते. मी एकदा "मेन पाड, मेन पाड" ओरडलो आणि समोरच्या भय्याला कळलंच नाही. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ठरवलं की "मेन बंद करो" आणि "पानी" हे दोन शब्द हिंदीतच ओरडायचे. तुमच्या क्लासमध्ये हे ओरडायचीही प्रॅक्टिस घ्या. मुलं हसतील, पण घ्या.

---

ओएचसी_सिस्टर | ५ एप्रिल, दुपारी २:२०

नमस्कार. मी एका मोठ्या प्लांटच्या ऑक्युपेशनल हेल्थ सेंटरमध्ये नर्स आहे. आता जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

ताई, एका दिवसात फार विषय घेऊ नका. मी शिकवते तेव्हा अनुभव असा की बोलून सांगितलेलं आठवड्यात जातं, हाताने केलेलं राहतं. रक्त दाबून धरणं, भाजल्यावर पाणी, छाती दाबणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं. एवढं प्रत्येक मुलाने स्वतः केलं पाहिजे, रांगेत उभं राहून बघितलेलं चालत नाही.

छाती दाबायला पुतळा लागतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. नव्या मुलांना वाटतं आपण जोरात दाबतोय, पुतळ्याची टिकटिक मात्र वाजत नाही. मग त्यांना कोपर सरळ करून, खांद्यातून वजन टाकायला सांगायचं, की वाजते. ती वाजली की मुलाचा चेहरा बदलतो. एका मिनिटात घाम फुटतो, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शॉक लागलेल्याला आधी हात लावायचा नाही, मेन बंद करायचा, आणि तो उठून बसला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायचाच.

आता काय करायचं नाही. भाजलेल्यावर बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप नाही. वाहतं गार पाणी वीस मिनिटं, अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आधी काढायचं, मग स्वच्छ सैल कपडा. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडे कुणी पडलं की पहिला माणूस पाण्याची बाटली घेऊन येतो, मायेनेच येतो, पण ते पाणी श्वासनळीत जातं. रुतलेली वस्तू उपसायची नाही. हाड मोडल्यासारखं वाटलं तर चोळायचं नाही.

झोळीसाठी त्रिकोणी पट्ट्या विकत घेऊ नका. घरातल्या जुन्या सुती नऊवारी असतील तर मीटरभर चौरस कापून तिरपा छेद द्या, एकाचे दोन होतात. आजीच्या लुगड्याइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. मी अजून तीच वापरते.

आणि तुटलेलं बोट. लेथ, प्रेस, शिअरिंगवर जाणाऱ्या मुलांना हे सांगाच. तुटलेला तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही. स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला की पेशी मरतात आणि जोडायचं राहून जातं.

---

मकरपुरा_टर्निंग | ५ एप्रिल, रात्री ८:५०

दुसरी बाजूही मांडतो. माझं मकरपुऱ्यात छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं. कॉलेजवाले दर वर्षी दोन-तीन मुलं पाठवतात. मी पैसे घेत नाही, देतही थोडेच. पंधरा दिवसांसाठी मुलगा येतो, त्याला मशीनला हात लावू दिला तर धोका आणि नाही लावू दिला तर रिपोर्टमध्ये "काही शिकवलं नाही". आता त्यावर सर्टिफिकेटवाला फर्स्ट एडर दाखवा, आय-वॉश दाखवा, विमा दाखवा म्हणाल तर माझ्यासारखे लोक हात जोडून मुलं घेणंच बंद करतील. मोठ्या कंपन्या तशाही ओळखीशिवाय घेत नाहीत. मग गरिबाच्या मुलाने जायचं कुठे? रागाने लिहीत नाही. खरी अडचण आहे ती सांगतो.

---

करारपत्र | ५ एप्रिल, रात्री १०:१०

कायद्याचं थोडं लिहितो, कारण अप्रेंटिस आणि पत्रावर आलेला ट्रेनी यांत बरेच जण गल्लत करतात.

ज्याचा करार नोंदला आहे तो शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली येतो. कायद्याने तो कामगार नाही, शिकाऊ आहे, पण १४ व्या कलमाने कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू केल्या. १६ व्या कलमाने इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली. २०१४ च्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी किमान वय १८ केलं, म्हणजे दहावीनंतर लगेच आयटीआयला आलेला सोळा वर्षांचा मुलगा तिथे अप्रेंटिस म्हणून घेता येत नाही.

प्रथमोपचाराची पेटी १९४८ च्या कारखाना अधिनियमात ४५ व्या कलमात होती. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, ठरलेल्या सामानाशिवाय तिच्यात दुसरं काही ठेवायचं नाही, आणि ती प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात, जो कामाच्या वेळेत हजर असेल. पाचशेहून जास्त कामगार असतील तर अँब्युलन्स रूम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला, पण सेफ्टीच्या जुन्या माणसांशी बोलताना अजून "पंचेचाळीसवं कलम" म्हटलं की लगेच कळतं. हालोल_अपडाउन यांनी सांगितलेली तंबाखूची डबी म्हणजे त्या कलमाचा सरळ भंग होता.

आता ताईंची मुलं. ती कॉलेजच्या पत्रावर पंधरा दिवस, महिनाभर जाणारी. करार नाही, वेतनपत्रक नाही. काही झालं तर कॉलेज कंपनीकडे बोट दाखवतं आणि कंपनी कॉलेजकडे. म्हणून ते पत्रच नीट लिहायला हवं. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार येणाऱ्या माणसाचं नाव, जवळचा दवाखाना, तिथे न्यायला गाडी कुठली, खर्च कोण करणार, घरी फोन कोण करणार. कॉलेजने मुलांचा गट अपघात विमा काढायचा आणि त्याची प्रत जोडायची. माणशी हप्ता किरकोळ असतो, फीमध्ये बसतो. मकरपुरा_टर्निंग साहेबांवर याचा काही बोजा पडत नाही.

---

विश्वामित्रीकाठ | ६ एप्रिल, सकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मकरपुरा_टर्निंग दादा, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्यांनी दार बंद केलं तर माझ्या निम्म्या मुलांना जागा राहणार नाही, हे मला माहीत आहे. मला तुमच्याकडून सर्टिफिकेट नको. मुलगा पहिल्या दिवशी आला की त्याला हात धरून तीन जागा दाखवा: मेन स्विच, पाण्याचा नळ, पेटी. आणि पेटीला कुलूप नको. बाकीचं शिकवून पाठवणं माझं काम आहे, ते मी तुमच्यावर टाकत होते हे मला आता दिसतं.

---

मकरपुरा_टर्निंग | ६ एप्रिल, रात्री ११:४०

ताई, सिस्टर, काल लिहिलं नाही ते आज लिहितो.

सिस्टरांनी बोटाचं लिहिलं ना, ते वाचून दिवसभर काम सुचलं नाही. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून नाही. १९९८ साल, मी वीस वर्षांचा, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये शिकत होतो. नवरात्रातला लाल दोरा मनगटात होता, लेथच्या फिरत्या चकमध्ये अडकला. उस्तादांनी तुकडा उचलला, स्टीलच्या डब्यात बर्फ भरून त्यात टाकला आणि स्कूटरवर मला पुढे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डबा उघडून बघितला आणि झाकण परत लावलं. उस्ताद माझ्यापेक्षा जास्त रडले. त्यांना वाटलं होतं, बर्फात टिकेल. आज ते नाहीत. बर्फ थेट लागू द्यायचा नसतो, हे मला काल कळलं, अठ्ठावीस वर्षांनी.

माझ्याकडे येणाऱ्या मुलाचे दोरे, कडी, चेन, अंगठी मी दारातच उतरवून घेतो, आणि लेथवर हातमोजा घालू देत नाही, हातमोजा हाताला घेऊन आत जातो. ते मला येतं. पुढचं मला येत नव्हतं. तुमच्या त्या दिवशी मी आणि माझा कारागीर, दोघं येऊ का? विद्यार्थ्यांबरोबर बसू.

---

ओएचसी_सिस्टर | ७ एप्रिल, सकाळी ५:५०

दादा, जरूर या. मीही येते, सुट्टी टाकते. पुतळा माझ्याकडून. तुमच्या उस्तादांनी तुम्हाला कुठेही न थांबता पोचवलं आणि रक्त थांबवलं, तेही प्रथमोपचारच होते. तेवढं त्यांच्या नावावर राहू द्या.

---

सावलीची_आई | ७ एप्रिल, दुपारी १:००

माझी मुलगी यंदा ट्रेनिंगला सावलीला जाणार. मला एकच विचारायचं आहे, १०८ ला फोन लावला तर ती पोर सांगेल काय? तिला कंपनीचं नाव माहीत आहे, पत्ता नाही.

---

हालोल_अपडाउन | ७ एप्रिल, दुपारी १:४०

काकू, अगदी बरोबर प्रश्न. जीआयडीसीमध्ये (सरकारी औद्योगिक वसाहतीत) नावाने कुणाला सापडत नाही, प्लॉट नंबर लागतो. आय-कार्डच्या मागे चार ओळी पेनाने लिहून ठेवायला सांगा: प्लॉट नंबर, जीआयडीसीचं नाव, रस्त्यावरची मोठी खूण, गेटचा नंबर. फोन एकाने करायचा आणि दुसऱ्याने मेनगेटवर जाऊन उभं राहायचं, नाहीतर अँब्युलन्स बाहेर आणि वॉचमन गेटपास मागतोय असं होतं. फोन आपण आधी ठेवायचा नाही, ते सांगतील तेव्हा ठेवायचा.

आणि रस्ता. हालोल रोडवर रोज बाइकने जातो. कारखान्यापेक्षा मला त्या रस्त्याची भीती जास्त वाटते. मागच्या पावसाळ्यात एकजण पडला होता, गाड्या थांबत नव्हत्या. मी थांबलो, पण पोलिसांच्या भानगडीची धास्ती मलाही होती.

---

करारपत्र | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

ती धास्ती सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही करता येत नाही. तुम्ही थांबलात ते योग्यच केलंत.

---

नंदेसरी_३१वर्षं | ८ एप्रिल, रात्री ९:००

ताई, प्रात्यक्षिकासाठी एक युक्ती सुचली, घरी करून बघितली, चालते.

वीस मिनिटं पाणी का, हे मुलांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. पांढरं सुती कापड हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. पिवळं होईल. ते मुलाच्या हातावर बाहीसारखं गुंडाळा, त्याच्यावर साबणाचं पाणी शिंपडा. हळद अल्कलीत लाल होते, साडीवरचा डाग साबण लागला की लाल होतो, तसंच. आपलं कुंकूही हळदीचं अशाच गुणाने लाल करतात. मग मुलाला सांगा, नळाखाली धर आणि पुरे वाटलं की थांब. थांबेल तेव्हा वरून पिवळं दिसेल, घडी उलगडली की आत लाल. पुन्हा धर. सगळं परत पिवळं व्हायला किती वेळ लागतो, ते त्याने स्वतः घड्याळात बघायचं. खऱ्या कॉस्टिकला हात न लावता धडा मिळतो. मी येतोच आहे, कापड मीच रंगवून आणतो.

---

विश्वामित्रीकाठ | १३ मे, रात्री १०:२५

शनिवारी झालं. लिहायला उशीर झाला, कारण पत्रांच्या मागे होते.

बेचाळीस विद्यार्थी, त्यांत अकरा मुली, आणि मकरपुऱ्याहून दादा व त्यांचे कारागीर. वर्कशॉपमधली टेबलं भिंतीला लावली. सकाळ सिस्टरांची. पहिल्या पाऊण तासात कुणाचीच टिकटिक वाजत नव्हती, दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस किलोच्या एका मुलीने सगळ्यांपेक्षा सलग वाजवली. दादांच्या कारागिरांचं वय पन्नास, त्यांनी गुडघे दुखत असताना दोनदा केलं.

हळदीचं कापड जेवणानंतर. मुलं हसत होती. पहिला मुलगा दीड मिनिटाने "झालं सर" म्हणाला. नंदेसरीच्या काकांनी काही न बोलता कापड उलगडलं. कोपराच्या आतल्या घडीत लाल पट्टा तसाच. दुसऱ्याचं तीन मिनिटांनी, तेच. मग वर्ग गप्प झाला. मागच्या वर्षीचा तो मुलगाही आला होता, मी बोलावलं नव्हतं, त्याने मित्रांकडून ऐकलं होतं. तो पुढे आला, नळ पूर्ण सोडला, कापडाची गाठ पाण्याखालीच सोडली, हात आडवा धरून फिरवत राहिला. कुणी वेळ विचारला नाही. तो थांबला तेव्हा कापड पिवळं होतं. मग त्याने आपली बाही वर करून मनगट दाखवलं आणि जागेवर जाऊन बसला.

शेवटी मुलांनी तिन्ही भाषांत ओरडून घेतलं. आवाज प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेला, ते बघायला आले आणि पाऊण तास थांबले. विम्याची फाइल त्यांनी सोमवारी सही केली.

पत्रं २३ कंपन्यांना गेली. आजपर्यंत १४ उत्तरं आली, ११ जणांनी पाळीवार नावं लिहून दिली आहेत. तिघांनी दिवसपाळीची नावं दिली आणि रात्रपाळीचा रकाना मोकळा ठेवला. त्या तीन ठिकाणी मी मुलांना रात्रपाळीला पाठवत नाही, तसं कळवलं आहे. उरलेल्या नऊ जणांना उद्यापासून फोन.

---

सावलीची_आई | १३ मे, रात्री १०:५०

मुलीने आल्याबरोबर आय-कार्डमागे लिहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ, सिलिंडर आणि मेन स्विच कुठे आहे ते धाकट्याला दाखवत होती. ताई, त्या कापडाला कोणता साबण वापरला? मला आमच्या महिला मंडळात करून दाखवायचं आहे.

---

नंदेसरी_३१वर्षं | १४ मे, सकाळी ६:१०

ताई, कपडे धुवायची साधी वडी, किसून कोमट पाण्यात. अंगाचे मऊ साबण बऱ्याचदा तितकं लाल करत नाहीत, आधी तुकड्यावर बघून घ्या. हळद घरची दळलेली असेल तर रंग चांगला धरतो. आणि जुनं बनियन घ्या, ते फिट बसतं, घडीत पाणी पोचायला वेळ लागतो, तेच तर दाखवायचं असतं.